पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलताना जोर कुठून जातो?

गाडी साठच्या पुढे गेली की कुठून तरी घुमल्यासारखा आवाज येतो. गाणी लावली की तो लपतो, म्हणून सुरुवातीला आपण टायरवर ढकलून मोकळे होतो. महिन्याभराने तोच आवाज पन्नासला सुरू होतो, मग चाळीसला, आणि एक दिवस मागे बसलेलं कुणीतरी विचारतं, "हे काय घुमतंय?" जुन्या गाडीत असा आवाज आला की माझा पहिला संशय पुढच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो.

हे काम घरी होण्यासारखं आहे. काही गाड्यांत पूर्ण, काहींत पाऊणएक. पण घरी बसवलेलं नवं बेअरिंग थोड्याच महिन्यांत परत वाजायला लागल्याचंही मी पाहिलं आहे, आणि त्यातलं एक मी स्वतः बसवलेलं होतं. मालच खराब निघाला अशी माझी खात्री होती. उघडून पाहिलं तर चकचकीत कडीवर एकसारख्या अंतराने बारीक खळगे उमटलेले होते, आतल्या गोळ्यांच्या बरोबर तेवढ्याच अंतराने. एकाही खड्ड्यातून न जाता ते पडले होते. बसवताना मी जी हातोडी चालवली होती, तिचा प्रत्येक ठोका गोळ्यांमधून पलीकडे गेला होता. तेव्हापासून बेअरिंगच्या कामात हात उचलण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो: हा जोर कुठून कुठे जाणार आहे? खालचं सगळं या प्रश्नाभोवतीच आहे.

आत काय चाललेलं असतं

बेअरिंग म्हणजे एकात एक बसलेल्या दोन कड्या, त्यांच्या मधे गोळ्या किंवा रोलर, आणि त्या गोळ्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून त्यांना अंतरावर धरणारा पातळ पिंजरा. एक कडी स्थिर राहते, दुसरी चाकाबरोबर फिरते. गाडीचं वजन स्थिर कडीवरून गोळ्यांवर, गोळ्यांवरून फिरत्या कडीवर आणि तिथून चाकाकडे उतरतं.

आता आकडे बघा. लहान गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.8 मीटर असतो. म्हणजे एका किलोमीटरला चाक सुमारे 550 वेळा फिरतं, आणि लाख किलोमीटरला साडेपाच कोटी वेळा. हजार किलोच्या गाडीत पुढच्या एकेका चाकावर 250 ते 300 किलो भार असतो. हा सगळा भार एका वेळी एकाच बाजूच्या मोजक्या गोळ्यांवर येतो, आणि गोळीचा कडीला होणारा स्पर्श जेमतेम ठिपक्याएवढा असतो. एवढ्याशा जागेवर एवढा दाब सहन व्हावा म्हणून हे पोलाद अतिशय कडक केलेलं असतं. कडक पोलाद सहजी झिजत नाही, पण एकदा त्यावर खळगा पडला की प्रत्येक फेरीला गोळी त्यात आपटते, कडेचा बारीक कपचा उडतो, तो ग्रीसमध्ये फिरतो आणि पुढचे खळगे पाडतो. तुम्हाला ऐकू येणारी घुमघुम हीच.

वजन उभं येतं तेवढ्यावर भागत नाही. वळणावर चाकाला आडवा रेटा बसतो. साध्या बेअरिंगला असा रेटा फार झेपत नाही. बॉल बेअरिंगचं पेटंट वेल्समधल्या फिलिप वॉन यांनी 1794 मध्येच, तेही गाडीच्या आसासाठी, घेतलं होतं. आडव्या रेट्यावरचा उत्तम उपाय मात्र 1898 मध्ये पेटंट झाला. हेन्री टिमकेन हे घोडागाड्या बनवणारे गृहस्थ आणि रेजिनाल्ड हाइन्झेलमन या दोघांनी रोलर एका टोकाला निमुळते केले आणि तिरपे बसवले. तिरपे असल्यामुळे ते वरून येणारा भारही घेतात आणि बाजूने येणारा रेटाही. असे दोन बेअरिंग पाठीला पाठ लावून बसवले की चाक दोन्हीकडून सावरलं जातं. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या गाड्यांत पुढे बहुतेक हीच जोडी असते: आत मोठं, बाहेर लहान.

पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत रचना वेगळी. तिथे चाकाच्या मधून ड्राइव्ह शाफ्ट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा दांडा, यावा लागतो, म्हणून गोळ्यांच्या दोन रांगा असलेलं एकच बंद बेअरिंग नकलच्या (चाकाला धरणारा, स्टिअरिंगबरोबर वळणारा जाड तुकडा) भोकात दाबून बसवलेलं असतं. काही जुन्या मॉडेलमध्ये दोन सुटी बॉल बेअरिंगं आणि त्यांच्यामध्ये एक नळीसारखा स्पेसर असतो. तो स्पेसर उलटा बसवू नका आणि हरवू तर मुळीच नका. तिसरा प्रकार म्हणजे हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) आणि बेअरिंग एकत्रच येतं, मागून तीन-चार बोल्टने जोडलेलं. तुमच्या गाडीत हा असेल तर निम्मं काम वाचलं. बोल्ट काढा, गंजून चिकटलेलं हब हलवून हलवून सोडवा, बसण्याची जागा तारेच्या ब्रशने साफ करा, नवं लावा. बाकी दोन प्रकारांवरच मी वेळ घालवणार आहे.

आधी खात्री

आवाज टायरचा की बेअरिंगचा, हे ठरवल्याशिवाय पान्याला हात लावू नये. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, गुळगुळीत डांबरावर एक आणि खरखरीत काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याचं फारसं देणंघेणं नसतं, त्याचा आवाज वेगाबरोबर चढतो आणि उतरतो. क्लच दाबून इंजिन मोकळं सोडलं तरी आवाज तसाच राहिला तर इंजिनही सुटलं. कमी वेगात पूर्ण वळण घेताना टकटक होत असेल तर ते ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटचं लक्षण आहे, बेअरिंगचं नाही.

डावं की उजवं, हे शोधायला रुंद, रिकामा रस्ता आणि स्थिर वेग लागतो. स्टिअरिंग हलकेच डावीकडे घ्या, मग उजवीकडे. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकावर जातो. त्या क्षणी आवाज वाढला तर दोष बहुधा उजव्या बाजूला आहे. मी "बहुधा" म्हणतोय, कारण आवाज गाडीच्या पत्र्यातून प्रवास करतो आणि कान फसतात. म्हणून पुढची तपासणी हाताने करायची.

चाक जमिनीवरून उचला. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशी ठेवून आलटून पालटून ढकला आणि ओढा. टकटक हललं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे. पण हा प्ले बेअरिंगचाच असेल असं नाही, खालचा बॉल जॉइंट (नकलला सस्पेन्शनशी जोडणारा वळता सांधा) झिजला तरी चाक असंच हलतं. म्हणून कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर डिस्क आणि नकल एकमेकांना बांधले जातात, मधलं बेअरिंग निकालात निघतं. प्ले गायब झाला तर दोष बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. हात डावी-उजवीकडे ठेवून हलवल्यावर प्ले जाणवला तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकाकडे नेणाऱ्या दांड्याचं, टोक बघा.

पुष्कळदा प्ले अजिबात नसतो तरी बेअरिंग गेलेलं असतं. अशा वेळी एका हाताने चाक फिरवा आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर नुसती टेकवा. चांगल्या बेअरिंगला स्प्रिंग शांत राहते. खराब असेल तर बोटांना बारीक खरखर जाणवते, वाळूवरून चाक फिरावं तशी. ब्रेकचं पॅड डिस्कला घासत असेल तर सर्र-सर्र आवाज येतो, पण तो स्प्रिंगमध्ये उतरत नाही. माझ्या मते सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत भरवशाची आहे, आणि हिला काहीही साहित्य लागत नाही.

गाडी उचलताना

इथे जोर म्हणजे गाडीचं वजन, आणि ते तुमच्या अंगावरून जाता कामा नये. जमीन सपाट आणि टणक हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून अडणं लावा, हँडब्रेक ओढा. जॅक फक्त उचलण्यासाठी आहे. उचलल्यावर गाडीच्या मजबूत भागाखाली स्टँड लावा आणि वजन स्टँडवर उतरवा. विटा आणि पोकळ ब्लॉक आधी काहीही न दाखवता एकदम फुटतात, ते वापरू नका. मग कामाला लागण्याआधी गाडीला हाताने चांगला धक्का द्या. डुलली तर परत सुरुवात करा. डोळ्यांवर चष्मा संपूर्ण कामभर राहू द्या, कारण कडक पोलादावर हातोडी बसली की कपची गोळीसारखी उडते. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती फुंकून उडवू नये. ओली करून पुसावी.

कॅलिपर, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग, काढला की तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळत सोडू नका. तारेने स्प्रिंगला टांगा.

तिरप्या रोलरची जोडी

हे पूर्ण घरचं काम आहे. हबच्या मध्यावर पत्र्याची टोपी असते, ती कडेकडेने हलके ठोकत काढायची. आत खाचांचा नट आणि त्यातून गेलेली स्प्लिट पिन दिसेल. पिन सरळ करून ओढून काढा आणि फेकून द्या. तीच पिन परत वाकवली तर ती कधी तुटेल सांगता येत नाही, आणि चाक गाडीला धरून ठेवणारा नट तिच्याच जिवावर जागेवर राहतो. नट सोडताना आट्यांची दिशा बघून घ्या. फोक्सवॅगन बीटलच्या डाव्या पुढच्या चाकाला उलटे आटे आहेत, आणि त्याच चाकाच्या टोपीतून स्पीडोमीटरची केबल जाते. हे माहीत नसलेला माणूस नट सोडतोय असं समजून तो आवळत बसतो.

नट आणि वॉशर निघाला की हब थोडं पुढे ओढा. बाहेरचं लहान बेअरिंग हातात येईल. मग हब सरळ उतरवा. मागच्या बाजूचं ऑइल सील उपसून काढलं की आतलं मोठं बेअरिंगही सुटतं. आता दोन्ही बेअरिंगं आणि हबमध्ये अडकलेल्या त्यांच्या वाट्या, म्हणजे बाहेरच्या कड्या, रॉकेलने धुऊन उजेडात बघा. हवेच्या दाबाने बेअरिंग गरागरा फिरवून वाळवायचा मोह होईल. कोरडं बेअरिंग असं फिरवलं तर रोलर ओरखडतात, आणि पिंजरा फुटला तर ते सुसाट बाहेर येतात.

वाटी बघणं हा या कामातला सर्वांत बोलका भाग आहे. चांगल्या वाटीवर सगळीकडे एकसारखी करडी झळाळी असते. नख आडवं फिरवलं तर कुठेच अडत नाही. जिथे माशीने चावा घेतल्यासारखे खड्डे दिसतील, तिथे पोलाद थकून सुटलं आहे. रोलरच्या लांबीएवढ्या गंजाच्या रेघा दिसल्या तर सीलमधून पाणी आत गेलं आणि गाडी बराच काळ उभी राहिली. निळसर-तपकिरी छटा म्हणजे बेअरिंग तापलं होतं, एकतर नट जास्त आवळलेला होता किंवा ग्रीस संपलं होतं. कारण समजलं नाही तर नवंही त्याच वाटेने जाईल. हब ज्या दांड्यावर बसतो तोही पुसून बघा. आतली कडी त्यावर फिरून खोबण पडली असेल तर नवं बेअरिंग तिथे धरणार नाही.

कडीच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो लिहून घ्या. मेट्रिक मालिकांमध्ये शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिळतो, आकडे 04 किंवा त्यापुढचे असतील तर. म्हणजे 30205 या तिरप्या रोलरच्या बेअरिंगचं भोक 25 मिलिमीटर. इंचांतल्या बेअरिंगला हा हिशोब लागू नाही, तिथे कोनाला (इंग्रजी cone, म्हणजे रोलरसकट आतली कडी) एक नंबर आणि वाटीला वेगळा असतो. दोन्ही नंबर घ्या, आणि कोन-वाटी नेहमी जोडीनेच बदला. जुन्या वाटीवर नवे रोलर फिरवणं म्हणजे नव्यांना पहिल्या दिवसापासून खडबडीत रस्त्यावर सोडणं.

वाट्या काढायच्या कशा? हबच्या आतून पाहिलं तर वाटीच्या मागे बहुतेक दोन खाचा असतात. त्यातून पितळी पंच टेकवून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोकायचं. एकाच बाजूला मारत राहिलात तर वाटी तिरकी होऊन अडकते. नवी वाटी बसवायला जुनीच वाटी उत्तम. तिच्या बाहेरच्या अंगाला ग्राइंडरने एक चीर पाडा, म्हणजे ती स्वतः हबमध्ये अडकून बसणार नाही. नव्या वाटीवर ती उलटी ठेवा आणि ठोका. जोर फक्त वाटीच्या कडेवर पडतो, रोलर फिरणाऱ्या गुळगुळीत पृष्ठभागाला काही लागत नाही. कान उघडे ठेवा: वाटी सरकत असते तोवर ठोक्याचा आवाज बोदा असतो, ती तळाला टेकली की एकदम भरीव, "ठण्ण" असा होतो. तो आवाज आला की थांबा.

मग ग्रीस. व्हील बेअरिंगसाठीचंच घ्या आणि जुन्यात नवं मिसळू नका, कारण दोन जातींचं ग्रीस एकत्र आलं की कधी कधी पातळ होऊन वाहून जातं. डाव्या तळहातावर अंगठ्याएवढा गोळा घ्या. उजव्या हातात बेअरिंग धरून त्याची रुंद कड गोळ्यावर दाबत खरवडा. पिंजरा आणि कडी यांच्या फटीतून ग्रीस आत शिरतं. दाबत राहिलात की थोड्या वेळाने वरच्या अरुंद बाजूने, रोलरांच्या मधून, ग्रीसचे छोटे शेंडे बाहेर डोकावतात. ते दिसले म्हणजे तिथपर्यंत भरलं. मग बेअरिंग थोडं फिरवून पुढचा भाग. नुसतं बाहेरून चोपडलेलं बेअरिंग ग्रीस लावलेलं दिसतं, पण आतून कोरडं असतं. हबच्या पोकळीत मात्र गच्च भरू नका, तिसरा हिस्सा पुरे. जास्त ग्रीस घुसळून तापतं आणि सील फोडून ब्रेकवर जातं. सीलचा ओठ ग्रीसच्या दिशेला, आत तोंड करून.

सगळ्यात नाजूक भाग नट आवळण्याचा. चाकाचा नट म्हणजे घट्टच हवा, असं हाताला वाटतं. इथे नेमकं उलटं आहे. हा नट जेवढा आवळाल तेवढे रोलर वाटीत पाचरीसारखे रुततात. फिरताना उष्णता येते, धातू फुगतो, रोलर आणखी रुततात, आणखी तापतात. म्हणून आधी हब हाताने फिरवत फिरवत नट 20 ते 30 न्यूटन मीटरपर्यंत (हे आवळण्याच्या पिळाचं माप) आवळा, म्हणजे रोलर जागेवर बसतात आणि जादा ग्रीस बाजूला होतं. मग नट पूर्ण मोकळा करा. आता पाना बाजूला ठेवून फक्त बोटांनी फिरेल तेवढा बसवा. पिनचं भोक खाचेसमोर आलं नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत सोडा, आवळू नका. उरणारी मोकळीक फार तर एका कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असावी. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच खरा.

दाबून बसवलेलं बेअरिंग

इथे पहिली लढाई शाफ्टच्या टोकावरच्या मोठ्या नटाशी. लहान गाड्यांतही तो 150 ते 300 न्यूटन मीटरला आवळलेला असतो. 200 न्यूटन मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 20 किलो टांगावे तेवढा पीळ. गाडी स्टँडवर असताना एवढा जोर लावणं म्हणजे ती पाडायला निघणं. म्हणून चाक जमिनीवर असताना, कुणाला तरी ब्रेक दाबायला लावून, नटाचा फक्त पहिला पीळ मोडा. मग गाडी उचला.

कॅलिपर, डिस्क, टाय रॉडचं टोक, खालचा बॉल जॉइंट, एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) सेन्सर असेल तर तो, असं एकेक सोडवत नकल सुटं करायचं. बॉल जॉइंटचा निमुळता दांडा अडकला तर त्याच्या आट्यांवर हातोडी मारू नका. ज्या डोळ्यात, म्हणजे भोकाच्या कड्यात, तो बसला आहे त्या डोळ्याला बाजूने दोन दणके द्या, क्षणभर डोळा लांबट होतो आणि दांडा सुटतो. नकल शॉकॲब्सॉर्बरला दोन बोल्टने जोडलेलं असेल तर काढण्याआधी दोघांची एकमेकांसमोरची जागा ओरखडा ओढून खूण करा. तिथे चाकाचा तिरपेपणा ठरलेला असतो. ड्राइव्ह शाफ्ट बाहेर ओढू नका, नुसता हबमधून मागे सारा आणि तारेने टांगा.

नकल हातात आलं की मी प्रामाणिकपणे सांगेन: प्रेस (काही टनांचा दाब देणारं यंत्र) नसेल तर इथवरचं काम घरी करा आणि दाबण्यापुरतं नकल घेऊन वर्कशॉपमध्ये जा. यात काही कमीपणा नाही. फक्त समोर उभं राहा आणि जोर कुठून जातोय ते बघा. पुलर, म्हणजे लांब बोल्ट आणि जाड पोलादी टोप्यांचं दाबायचं-ओढायचं अवजार, मिळाला तर घरीही जमतं, कारण बोल्ट हळूहळू आवळला की दाब सरळ आणि सावकाश येतो. हातोडीचा नाद मात्र इथे सोडाच.

काढताना आधी हब बाहेर दाबायचं, मग सर्क्लिप (बेअरिंगला भोकात अडवणारी स्प्रिंगसारखी कडी) काढायची, मग बेअरिंग. हब निघताना बेअरिंगच्या आतल्या कडीचा अर्धा भाग बहुतेक वेळा हबवरच चिकटून येतो. बेअरिंगची आतली कडी दोन तुकड्यांत असते, त्यातला हा बाहेरचा तुकडा. पुलरने निघाला तर छान. नाहीतर ग्राइंडरने त्यावर आडवी चीर पाडा, हबला लागेल इतकी खोल नको, आणि चिरेत छन्नी ठेवून एक ठोका द्या. कडी तडकून सुटते.

नवं बसवताना दोन टप्पे, आणि दोन्हींत जोराची वाट वेगळी. बेअरिंग नकलमध्ये जातं तेव्हा घट्ट बसणारी कडी बाहेरची, म्हणून दाब फक्त बाहेरच्या कडीवर. नंतर हब बेअरिंगमध्ये जातं तेव्हा घट्ट बसणारी कडी आतली, म्हणून बेअरिंगला मागून आधार फक्त आतल्या कडीचा. या दुसऱ्या टप्प्यात बहुतेकांची चूक होते. नकल तसंच टेबलावर टेकवून वरून हब दाबलं, तर दाब हबमधून आतल्या कडीवर, तिथून गोळ्यांवर, गोळ्यांवरून बाहेरच्या कडीवर आणि मग नकलवर जातो. काही टनांचा दाब त्या ठिपक्याएवढ्या स्पर्शांतून. माझ्या बेअरिंगच्या कडीवरचे खळगे असेच उमटले होते. मागच्या बाजूला आतल्या कडीच्या मापाची नळी किंवा सॉकेट लावलं की दाब गोळ्यांना वळसा घालून सरळ नळीत उतरतो.

बसवणं सोपं व्हावं म्हणून नवं बेअरिंग पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात. त्याचा उपयोग होतो का? होतो, आणि हिशोबही करता येतो. पोलाद एका अंशाला आपल्या लांबीच्या साधारण 12 दशलक्षांश भागाने आकसतं. 60 मिलिमीटर व्यासाचं बेअरिंग 27 अंशांवरून उणे 18 अंशांवर नेलं, तर 45 अंशांचा फरक पडला. 60 गुणिले 45 गुणिले 0.000012 म्हणजे 0.03 मिलिमीटरच्या आसपास. आकडा क्षुल्लक दिसतो, पण बेअरिंग घट्ट बसतं तेही मिलिमीटरच्या शंभराव्या भागांतल्या अशाच फरकामुळे. नकल थोडं गरम केलं तर आणखी जागा मिळते. मात्र बेअरिंगला ज्योत लावायची नाही, आतलं ग्रीस आणि सील दोन्ही जातील. भोकाची जागा आधी चिंधीने स्वच्छ पुसा. एक कण अडकला तरी बेअरिंग तिरकं बसतं.

एबीएस असलेल्या काही गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती बाजू गडद दिसते आणि तिचं तोंड सेन्सरकडे हवं. उलटं बसलं तर गाडी चालते, पण डॅशबोर्डवरचा दिवा काही विझत नाही आणि सगळं परत उघडावं लागतं. जवळ लोहचुंबक ठेवू नका. बेअरिंग बसल्यावर सर्क्लिप खाचेत घाला आणि ती खाचेत फिरते का ते पक्कडीने सरकवून पाहा. फिरली तर पूर्ण बसली आहे.

जोडणी उलट्या क्रमाने. पण शाफ्टच्या नटाबाबत एक गोष्ट कधीही विसरू नका: तो पूर्ण आवळेपर्यंत गाडीचं वजन त्या चाकावर उतरवायचं नाही. आतल्या कडीचे दोन तुकडे एकमेकांना घट्ट धरून ठेवतो तो हाच नट. तो ढिला असताना वजन आलं किंवा गाडी नुसती हातभर ढकलली, तरी दोन तुकडे फाकतात आणि गोळ्या कडेवर चढून नवं बेअरिंग तिथेच खराब होतं. म्हणून चाक हवेत असतानाच, ब्रेक दाबून धरून, टॉर्क रेंचने (पीळ मोजणारा पाना) मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. काढताना हा नियम मोडला होता, कारण ते बेअरिंग फेकायचंच होतं. नट नवाच वापरा आणि शेवटी त्याची कड शाफ्टच्या खोबणीत ठोकून लॉक करा.

पहिली फेरी

चाकाचे नट आडव्या-तिडव्या क्रमाने आवळा. गाडी चालू करण्याआधी ब्रेकचं पेडल टणक लागेपर्यंत काही वेळा दाबा. कॅलिपर हलवताना पिस्टन मागे सरकलेला असतो, आणि पहिलं पेडल थेट खाली जाऊ शकतं. आधी थोडंच अंतर, सावकाश आणि ब्रेक कमीत कमी वापरून चालवा. थांबल्यावर दोन्ही पुढच्या हबजवळ हाताचा मागचा भाग न्या, आधी न टेकवता. दोन्ही सारखेच कोमट असतील तर ठीक. नवी बाजू स्पष्टपणे जास्त तापली असेल, तर तिरप्या रोलरच्या गाडीत नट परत बोटांनी बसवून बघा, आणि दाबलेल्या बेअरिंगच्या गाडीत ब्रेकचं पॅड अडकलं आहे का ते आधी तपासा. शंभरएक किलोमीटर झाले की चाक पुन्हा उचला, माथ्याला आणि तळाला हात लावून हलवा, स्प्रिंगवर बोटं टेकवून फिरवा, आणि चाकाचे नट परत एकदा टॉर्क रेंचने तपासा. टाय रॉड किंवा शॉकॲब्सॉर्बरचे बोल्ट सोडले असतील तर त्याच आठवड्यात अलाइनमेंट करून घ्या.